सायबर गुन्ह्यांचे खटले चालवणारी सरकारी वकील व्हायचंय : अनुभव हवे आहेत

तुळशीवृंदावन
नमस्कार मंडळी. संगणकशास्त्रात बी.ई., तीन वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, मग एलएल.बी., आणि गेली सहा वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली. सहायक सरकारी अभियोक्ता पदाची एमपीएससीची पुढची जाहिरात आली की अर्ज भरायचा विचार आहे. घरात कुणालाच पटत नाहीये. आई म्हणते खासगी वकिली आत्ता कुठे बसते आहे, नवरा म्हणतो सायबरच करायचं तर कंपनीत जा.

विचार कशावरून आला ते सांगते. गेल्या महिन्यात माझी तारीख पुकारायची वाट बघत कोर्टात बसले होते. माझ्या आधी एका खटल्याचा निकाल लागला. एका मुलीच्या नावाने खोटं खातं काढून तिचे फोटो टाकल्याचा गुन्हा, २०२१ चा. आरोपी निर्दोष सुटला. स्क्रीनशॉट होते, ६५-ब चं प्रमाणपत्र (जुन्या पुरावा कायद्याने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत मागितलेलं) नव्हतं, आणि ज्या मोबाइलवर ते काढले तो मोबाइल कोर्टासमोर आलाच नव्हता. नंतर जिन्यात ती मुलगी आईला विचारत होती, "म्हणजे मी खोटं बोलले असं झालं का?" आईला उत्तर देता आलं नाही. मीही तिथेच उभी होते, मीही काही बोलले नाही. ते अजून जात नाही मनातून.

तर ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. माझ्या इंजिनिअरिंगचा तिथे खरंच उपयोग होईल का? की शेवटी सगळं पंचनाम्यावरच येऊन थांबतं?

दवबिंदू
पंचनामा चुकत नाही हो कुणालाच! पण प्रश्न फार चांगला आहे, जाणकारांची वाट बघतोय.

निशाणीक्रमांक
तीस वर्षं सरकारी वकिली करून निवृत्त झालो. मुली, आधी एक गैरसमज काढून टाक. सायबरचे खटले चालवायला म्हणून वेगळं कुणी बसवत नाही. तू प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बसशील. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, मारामारी, चोरी, दारू, हयगयीने गाडी चालवणं, आणि त्यात कुठेतरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं एखादं कलम ६६-ड, ऑनलाइन तोतयेगिरीने फसवणुकीचं. सकाळी जामीन अर्जांवर 'से', म्हणजे सरकारी बाजूचं लेखी म्हणणं, द्यायचे, मग रिमांड, मग साक्षीदार. संध्याकाळी तपास अधिकारी दोषारोपपत्राचा मसुदा घेऊन दारात.

पंचनाम्याचं विचारलंस. होय, तिथेच येऊन थांबतं, पण ते कमी लेखू नकोस. मोबाइल कुठून जप्त केला, तेव्हा तो चालू होता की बंद, पाकिटाला सील कुणी लावलं, मुद्देमाल कारकुनाकडे कधी गेला, तिथून मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कधी. ही साखळी तुटली की आतल्या पुराव्याला कितीही धार असो, बचाव पक्षाला एक प्रश्न पुरतो.

प्रमाणपत्राची गोष्ट तर आपल्या मातीतलीच आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. निवडणूक जालन्याची, २०१४ ची. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हा वाद, आणि पुरावा निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. देशभरातल्या प्रत्येक फौजदारी कोर्टात आज हा निकाल वाचला जातो. प्रमाणपत्र सक्तीचं आहे, मात्र मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. आणखी एक गोष्ट त्यात आहे जी वकील विसरतात : प्रमाणपत्र मागूनही मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं, खटला संपेपर्यंत. तू सांगतेस त्या खटल्यात मुलीचा मोबाइल तिच्याच पर्समध्ये असणार. साक्षीच्या दिवशी कुणीतरी तिला "बाळ, तो मोबाइल दे" एवढंच म्हणायला हवं होतं.

तुळशीवृंदावन
काका, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. ती खरंच पर्स छातीशी धरून उभी होती.

खाकीनिवृत्त
मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. अशा धाग्यांवर खापर शेवटी आमच्यावर फुटतं, म्हणून आधीच लिहितो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७८ सांगतं की तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एक. गणपतीचा बंदोबस्त त्याचा, मोर्चा त्याचा, खुनाचा तपास त्याचा. मग सायबरचे कागद उपनिरीक्षक तयार करतो, साहेब सही करतो, आणि उलटतपासात विचारतात, "साहेब, हॅश व्हॅल्यू म्हणजे काय?" तिथे माणूस गप्प होतो.

निशाणी साहेब, तुमचं सगळं मान्य. पण किती सरकारी वकील तपास चालू असताना ठाण्यात फोन करून विचारतात की बाबा रे, मोबाइल विमान मोडवर टाकलास का?

निशाणीक्रमांक
खाकी साहेब, बरोबर बोललात. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत कधी विचारलं नाही.

एक लक्षात ठेवा मात्र. पूर्वी अभियोक्ते पोलीस खात्याच्याच हाताखाली होते. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वेगळं करायला लावलं. त्यामुळे सल्ला देणं वेगळं आणि तपासात हात घालणं वेगळं, ही रेघ सांभाळावी लागते. पण फोन उचलून विचारायला रेघ आड येत नाही, हे कबूल.

दवबिंदू
हॅश व्हॅल्यूवरून आठवलं. आमच्या गावच्या कोर्टात लघुलेखकाने साक्षीत "हशा व्हॅल्यू" टंकलं होतं. वाचून दाखवल्यावर न्यायाधीश महोदयांसकट सगळ्या कोर्टाने ती सिद्ध केली.

आंबेमोहर
=)) हॅशला मराठीत काय म्हणावं पण? अंकमुद्रा?

शाईचाडाग
मी सध्या कोकणात सहायक सरकारी अभियोक्ता आहे. साक्षीदाराला मी "फाइलचा अंगठा" म्हणून सांगते. फाइलच्या मजकुरावरून संगणक एक ओळखखूण काढतो. दोन माणसांचा अंगठा जसा सारखा नसतो तसंच हे, फाइलमध्ये स्वल्पविराम जरी बदलला तरी हा अंगठा बदलतो. हे गावच्या पंचालाही कळतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हा हॅश लिहावा लागतो. १ जुलै २०२४ पासून कायदा लागू झाला. त्यामुळे तुळशी ताई, तुमचं इंजिनिअरिंग वाया जाणार नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील गाळून. बदनामीकारक ईमेलचा खटला. ईमेल कंपनीकडून लॉगिनचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वेळ आली होती, रात्री ८ वाजून काही मिनिटं. तपास अधिकाऱ्याने तीच वेळ मोबाइल कंपनीला कळवली, ज्याच्या नावावर तो आयपी पत्ता त्या वेळी होता त्याला पकडलं. दोषारोपपत्र माझ्याकडे छाननीला आलं. ईमेल कंपनीच्या पत्रात वेळेपुढे तीन अक्षरं होती, यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. म्हणजे भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, मध्यरात्रीनंतरची. तोवर तो आयपी पत्ता दुसऱ्याच कुणाकडे गेलेला. पकडलेला मुलगा एका दुकानात कामाला होता आणि आठ दिवस आत राहून आला होता. मी फाइल परत पाठवली, लेखी कारण देऊन. अधिकारी रागावले, दोन महिने बोलत नव्हते. नंतर खरा माणूस सापडला, फिर्यादीच्याच नात्यातला.

आणखी एक. मोबाइल इंटरनेटवर एकच बाहेरचा आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरत असतात. पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या ग्राहकांना वेगळं ओळखायचा) आणि सेकंदापर्यंतची वेळ मागितली नाही तर कंपनी नुसती यादी पाठवते. हे मला नोकरी लागून चार वर्षांनी कळलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत असेल.

बचावपक्ष
शाईताईंचा तो दुकानातला मुलगा वाचला कारण फाइल त्यांच्या टेबलावर आली. मी आरोपीच्या बाजूने उभा राहतो, मला अशी मुलं दर महिन्याला दिसतात. म्हणून या धाग्यावर दुसरी बाजू मांडतो.

सायबर फसवणुकीत कोर्टात हजर होतो तो कोण? ज्याने खातं भाड्याने दिलं तो. पाच हजार रुपयांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकलेला वेटर, रिक्षावाला, कॉलेजचा पोरगा. फोनवर बोलणारा कंबोडियात किंवा म्यानमारच्या सीमेवर, त्याचं नावही दोषारोपपत्रात नसतं. मग सगळा जोर या पोरावर. काही पोरं जाणूनबुजून करतात, तेही मी पाहतो, पण सगळी नाही. सरकारी वकिलाने जामिनाच्या 'से'मध्ये सरसकट "आरोपी टोळीचा सदस्य आहे" लिहिण्याआधी त्याच्या खात्याचा उतारा तरी वाचावा. पैसे आले आणि त्याच मिनिटाला गेले, त्याच्या हातात काय राहिलं, हे उताऱ्यात दिसतं.

आणि धागाकर्त्या ताई, सरकारी बाजूला जाणार असाल तर एक विनंती. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे तुम्ही तरी विसरू नका. एका घरात एक वायफाय आणि पाच माणसं असतात.

कृष्णाकाठ
मी वकील नाही. वाचत होतो, बचावपक्ष यांच्या प्रतिसादावर राहवलं नाही. माझे वडील निवृत्त शिक्षक, वय ७४. दोन दिवस त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं. समोर खोटं पोलीस ठाणं, खोटं कोर्ट, भिंतीवर अशोकस्तंभ. "डिजिटल अरेस्ट" म्हणे. मुदत ठेव मोडून अकरा लाख भरले. आईला शेजारच्या खोलीत काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मला समजलं, तेव्हा १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. एक लाख चाळीस हजार एका खात्यात अडकवले गेले, बाकी गेले.

पकडला गेला तो असाच एक पोरगा. कोर्टात त्याची आई रडत होती, माझे वडील तिच्याकडेच बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "त्याला सोडा, पण माझा अपमान केला तो माणूस कोण होता ते मला कळू दे." मी त्यांना काय सांगू? आणि ते एक लाख चाळीस हजार सात महिने झाले अजून बँकेतच गोठलेले आहेत. बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलीस म्हणतात कोर्टाला विचारा.

पासबुक
कृष्णाकाठ, फार वाईट वाटलं. मी बँकेत आहे. पोलिसांच्या पत्राने गोठवलेले पैसे बँक स्वतःहून सोडू शकत नाही. कोर्टाचा आदेश घेऊन या, आमच्याकडे मग फार वेळ लागत नाही.

निशाणीक्रमांक
कृष्णाकाठ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. आधी एक गोष्ट त्यांना छापून दाखवा : डिजिटल अरेस्ट नावाची अटक आपल्या कुठल्याही कायद्यात नाही.

पैशांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जुन्या संहितेतलं ४५७. सोबत तक्रारीचा क्रमांक, वडिलांच्या खात्याचा उतारा आणि ज्या खात्यात रक्कम थांबवली त्या बँकेचं पत्र जोडा. अर्जावर सरकारी वकिलाचा 'से' मागवतात. तिथे सहा सहा महिने जातात, कारण पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय कुणी 'से' लिहीत नाही. सरकारी वकिलाला भेटा, अहवालासाठी ठाण्यात पत्र काढायला सांगा. तुळशी, तू विचारलंस ना काम कसं असतं? हा 'से' त्याच दिवशी लिहिणं, हे काम. यावर बातमी येत नाही.

बाकी त्या माणसाबद्दल. पश्चिम बंगालमध्ये नदिया जिल्ह्यातल्या कल्याणीच्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टच्या खटल्यात नऊ जणांना जन्मठेप दिली. फोन कंबोडियातून आलेले, तरी इथले धागे जोडून खटला उभा राहिला. होतं. वेळ लागतो, पण होतं.

वाटसरू७७
जन्मठेप? मला तर वाटत होतं की सायबर गुन्ह्यांना तीन वर्षंच शिक्षा आणि जामीन लगेच.

शाईचाडाग
वाटसरू, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क (ओळखचोरी) आणि ६६-ड ला कमाल तीन वर्षंच, आणि कलम ७७-ब मुळे जामीनपात्र. पण खोटा दस्तऐवज केला, कट केला, तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात आणि त्यांच्या शिक्षा वाढत जातात. फसवणुकीच्या ३१८(४) लाच सात वर्षं आहेत. कलम १११ च्या संघटित गुन्हेगारीत सायबर गुन्ह्यांचा उल्लेखच आहे.

बचावपक्ष
आणि तिथेच आमचा वाद सुरू होतो. विशेष कायदा असताना त्याच कृत्याला सर्वसाधारण कायद्याची जड कलमं का? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डेटाचोरीच्या एका प्रकरणात हेच म्हटलं होतं. कलमं लावताना डोळे उघडे ठेवले नाहीत तर वर टिकत नाहीत.

पोटोमॅककाठी
इकडे व्हर्जिनियात राहतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने संगणक गुन्ह्यांसाठी वेगळा गट १९९१ मध्येच काढला, आणि देशभरातल्या केंद्रीय सरकारी वकिलांच्या कार्यालयांत या विषयाचं प्रशिक्षण घेतलेले वकील नेमलेले असतात. आपल्याकडे जिल्ह्याला असा एक जरी असला तरी किती फरक पडेल. तुळशी, जरूर जा.

खाकीनिवृत्त
जिल्ह्याला एक! आमच्याकडे अख्ख्या जिल्ह्याला चालू स्थितीतला प्रिंटर एक होता.

बरं, चांगलंही सांगतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा खटला. ऑगस्ट २०१८, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, हाँगकाँगला वळवले ते वेगळे, सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. परदेशातले सूत्रधार हाती नाही लागले, पण इथे एटीएमवर जाऊन पैसे काढणारे ११ जण २०२३ मध्ये दोषी ठरले. तिथे मोठं तंत्रज्ञान कुठलं होतं? एटीएमच्या कॅमेऱ्यातले चेहरे, मोबाइलचं लोकेशन, कार्डाच्या नोंदी, एकाला एक जोडलेलं. आणि ते फुटेज वेळेत उचललं होतं. बँकेचं फुटेज काही महिन्यांत पुसलं जातं.

पासबुक
खाकी साहेबांना दुजोरा. आमच्याकडे समन्स येतं तेव्हा बऱ्याचदा फुटेज गेलेलं असतं. खात्याच्या उताऱ्यासोबत बँकर्स बुक्स कायदा, १८९१, कलम २-अ चं प्रमाणपत्र लागतं, तेही पोलीस मागायला विसरतात. मी साक्षीला तीनदा गेलो आहे. दोनदा दिवसभर बसून परत. तिसऱ्यांदा एका तरुण सरकारी वकील बाईंनी सकाळी फोन केला, "तुमची साक्ष दुपारी तीनला घेते, तोवर बँकेतच थांबा." इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या दिवशी मी उताऱ्यातली ओळन् ओळ समजावून सांगितली.

शाईचाडाग
एका विषयावर अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुळशी ताई, तुम्हाला त्या मुलीचं लागलंय म्हणून हे तुम्हालाच.

खासगी क्षणांच्या चित्रफितींचे खटले येतील. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-इ, ६७-अ. त्यात चित्रफीत हाच पुरावा, आणि ती कोर्टात लावायची कशी? पहिल्या खटल्यात मला काही सुचलं नव्हतं. संगणक सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला, शिपाई, कारकून, आरोपीचे दोन नातेवाईक. ती बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी, वयाने माझ्या बहिणीएवढी. मी उठले आणि न्यायाधीशांना म्हटलं, एक विनंती आहे, बंद दालनात, पडदा फक्त आपल्याकडे आणि बचावाच्या वकिलांकडे. त्यांनी लगेच मान्य केलं. माझ्या आधी तसं कुणी मागितलंच नव्हतं.

आता लेखी अर्जच देते. २०१९ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे, एरवी आरोपीला त्याची प्रत मिळते, पण पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर प्रत न देता फक्त बघू देता येतं. हा निकाल पर्समध्ये ठेवा. तारखेला चित्रफितीची दुसरी प्रत तयार होऊ न देणं, एवढं जरी आपल्या हातून झालं तरी ती बाई पुढच्या तारखेला येते. नाही झालं तर येत नाही, आणि आपण लिहितो, फिर्यादी फितूर.

बचावपक्ष
शाईताई, या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. माझ्या अशिलाला मी अशी प्रत कधी मागू देत नाही, दालनात बसून बघतो.

आंबेमोहर
वर कुणीतरी म्हणालं की बातमी येत नाही. हा धागा वाचून पहिल्यांदा कळलं की सरकारी वकील दिवसभर काय करतात.

तुळशीवृंदावन
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला आख्खा धागा वाचायला दिला. यूटीसीची गोष्ट वाचून तो म्हणाला, "हे तर तू झोपेतही पकडलं असतंस." घरातला एक विरोधक कमी झाला. अर्ज भरणार.

पण मूळ प्रश्न अजून राहिलाय, निशाणी काका. ती मुलगी. निकाल लागलाय, आरोपी सुटलाय. आता काहीच होत नाही का?

निशाणीक्रमांक
होतं. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील सरकारने करायचं की नाही हे सरकार ठरवेल. पण २००९ पासून पीडितेला स्वतःला अपिलाचा हक्क आहे. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर ती सत्र न्यायालयात जाऊ शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही. अपिलात जादा पुरावा घ्यायचीही तरतूद आहे. ती देतीलच असं नाही, पण मोबाइल शाबूत असेल तर मागायला हवा. तिला आजच सांग, त्यातलं काही पुसू नको, तो विकू नको, कंपनीत रिसेट करायला देऊ नको.

वकीलपत्र तू घेऊ नकोस. तू त्या जिन्यात उभी होतीस, आणि उद्या सरकारी बाजूला जाणार आहेस. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठव. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि तिला हेही सांग की पुरावा कायद्याने मागितलेल्या रीतीने आला नाही, असं निकालात लिहिलं असणार. ती खोटं बोलली असं कुठेही लिहिलेलं नसणार. परिच्छेद दाखवून सांग, नुसतं तोंडी सांगू नकोस.

तुळशीवृंदावन
तिचा पत्ता माझ्याकडे नाही, पण त्या दिवशीच्या बोर्डावर खटल्याचा क्रमांक आहे, आणि तिथल्या सरकारी वकिलांना मी ओळखते. उद्या सकाळी त्यांना गाठून तिच्यापर्यंत निरोप पोचवते. निकालाच्या नकलेचा अर्ज तिच्याच सहीने पडेल.

कृष्णाकाठ
निशाणी काका, ५०३ चा अर्ज आज दाखल झाला. पुढची तारीख १२ दिवसांनी आहे. वडील म्हणाले, मीही येणार.